शेवटची एक सिगारेट सुटत नाही : गरोदरपण आणि धूम्रपान

सायंतारा | २ जून, रात्री ११.४०

मी ३१ वर्षांची आहे, लोअर परळच्या एका कार्यालयात नोकरी करते आणि सध्या मला अकरावा आठवडा चालू आहे. महाविद्यालयात लागलेली सिगारेटची सवय दहा वर्षे टिकली असून दिवसाला आठ ते दहा असे माझे प्रमाण होते. घरच्या चाचणीत दोन रेघा दिसल्या त्या दिवशी मी पाकीट कचऱ्यात टाकले आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयाखालच्या टपरीवर उभी राहून सुट्टी सिगारेट विकत घेतली. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मी दहावरून तीनवर आणि तीनवरून एकवर आले. ती एक मात्र जागची हलत नाही.

सकाळची सिगारेट मळमळीमुळे आपोआप सुटली, जेवणानंतरची प्रयत्नाने सुटली. राहिली आहे ती संध्याकाळी सव्वासहाची, काम आटोपून करी रोड स्थानकाकडे निघतानाची. टपरीवाला मला लांबून पाहतो आणि कटिंगचा ग्लास ठेवता ठेवता सिगारेटही पुढे करतो; मागण्याची वेळच येत नाही. (सुट्टी सिगारेट विकण्यास महाराष्ट्रात २०२० पासून मनाई आहे. दोरीला बांधलेला लायटर त्या मनाईला साक्षी आहे.) नंतर बडीशेप खायची, बाटलीतल्या पाण्याने हात धुवायचे आणि मुलुंड येईपर्यंत महिलांच्या डब्यात दाराजवळ वाऱ्याला उभे राहायचे, म्हणजे घरी वास जात नाही.

पहिल्या तपासणीला सासूबाई सोबत होत्या. परिचारिकेने फॉर्म भरताना "काही व्यसन?" असे विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता 'नाही' या रकान्यात खूण केली. मी ती दुरुस्त केली नाही. नवऱ्याला मी सिगारेट ओढते हे ठाऊक आहे, परंतु सगळे सुटले अशी त्याची समजूत आहे.

दिवसाला एक सिगारेट खरोखर किती अपायकारक आहे, निकोटीनचा गम या दिवसांत चालतो का, आणि एकदा 'नाही' लिहून झाल्यावर आता डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगावे, हे मला विचारायचे आहे.

रोखठोक | ३ जून, सकाळी ७.१०

क्षमा करा, परंतु हा प्रश्नच मला समजत नाही. पोटात वाढणाऱ्या जिवाला निवड करता येत नाही, तुम्हाला येते. ज्या स्त्रीला एक सिगारेट सोडवत नाही, तिने आई होण्याचा निर्णय घेण्यापूर्वी विचार करायला हवा होता.

दुपारचा_चहा | ३ जून, सकाळी ९.२५

सायंतारा, वरचा प्रतिसाद वाचून हा धागा सोडून जाऊ नका. मी याच वाटेने गेले आहे, म्हणून जे घडले ते लिहिते.

मी चौदाव्या आठवड्यात पूर्ण थांबले होते. लोक विचारतात तेव्हा मी 'सोडली' असे सांगत असे, पण खरे पाहता मी ती नऊ महिन्यांसाठी तहकूब केली होती. बाळासाठी सोडायची असे मनाशी ठरवले होते, त्यामुळे बाळ सुखरूप हातात आल्यावर ते कारण संपल्यासारखे झाले. माहेरी असताना मालिशवाली बाई रोज सकाळी शेगडी पेटवून ओवा आणि धूप घालून धुरी देत असे. त्या धुराने माझी सिगारेटची आठवण इतकी चाळवत असे की मी श्वास रोखून बसत असे. घरात कोणालाही त्या धुराबद्दल काही वाटत नव्हते, आणि मी काही बोलू शकत नव्हते, कारण बोलले असते तर का बोलते हेही सांगावे लागले असते. सासरी परतल्यावर पुन्हा सुरू झाली. आता दीड वर्ष बंद आहे, पण ती दुसऱ्या खेपेची गोष्ट.

तुमच्या प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर मी देऊ शकते. डॉक्टरांना सांगा. मी सांगितले नव्हते, त्यामुळे प्रसूतीनंतर पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो हे मला कोणीही सांगितले नाही.

प्रसूतिकक्ष | ३ जून, रात्री १०.०५

मी मुंबईत स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्राचा व्यवसाय करते. रुग्णाला न पाहता उपचार सांगणे योग्य नव्हे, म्हणून सर्वसाधारण माहिती देते.

सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. तो वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या गर्भाशयातल्या अवयवातून, गर्भाच्या रक्तात जातो आणि तिथे त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त होते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे एकीकडे रक्तपुरवठा कमी होतो आणि जे रक्त पोहोचते त्यातही प्राणवायू कमी असतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरीने सुमारे २०० ग्रॅमनी कमी भरते, मुदतपूर्व प्रसूती, वार वेळेआधी सुटणे आणि मृत जन्म यांचा धोका वाढतो, आणि जन्मानंतर झोपेत होणाऱ्या आकस्मिक मृत्यूचाही.

दहावरून एकवर येणे ही सोपी गोष्ट नाही आणि तिचे मोल मी कमी करत नाही. मात्र 'एवढी चालते' अशी कोणतीही मर्यादा उपलब्ध नाही. शिवाय संख्या कमी केलेली व्यक्ती उरलेली सिगारेट अधिक खोल झुरके घेऊन आणि अगदी टोकापर्यंत ओढते, त्यामुळे दहाची एक झाली तरी अपाय एकदशांश होत नाही.

दुसरी एक गोष्ट बहुतेक स्त्रियांना कोणी सांगत नाही. गरोदरपणात शरीर निकोटीनचा निचरा नेहमीपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक वेगाने करते. रक्तातले निकोटीन लवकर उतरते, म्हणून तलफही लवकर आणि जोरात येते. 'पूर्वी मी अख्खा दिवस राहू शकत होते, आता चार तास काढवत नाहीत,' असे रुग्ण मला सांगतात तेव्हा त्यांना आपले मन दुबळे झाले असे वाटत असते. त्यांचे यकृत अधिक काम करत असते, एवढेच. रोखठोक यांनीही हा परिच्छेद वाचावा.

गमबद्दल सांगायचे तर गरोदरपणात पहिला उपाय समुपदेशनाचा. इंग्लंडमध्ये १,०५० गरोदर स्त्रियांवर त्वचेला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्यांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीपर्यंत धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण खऱ्या पट्टीच्या गटात ९.४ टक्के आणि निकोटीन नसलेल्या खोट्या पट्टीच्या गटात ७.६ टक्के होते, म्हणजे ठोस फरक दिसला नाही. अनेक स्त्रियांनी पट्टी मध्येच थांबवली होती, आणि वर सांगितलेल्या जलद निचऱ्यामुळे मात्राही अपुरी पडली असावी. तरीही केवळ समुपदेशनाने जमत नसेल तर डॉक्टर गम किंवा पट्टीचा विचार करतात, कारण त्यात निकोटीन असले तरी कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर नसते. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने मात्र तो आणू नये. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन या धूम्रपान सोडवण्याच्या गोळ्या या काळात सुचवल्या जात नाहीत. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदीच आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाची बाब अशी की न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंधराव्या आठवड्यापूर्वी धूम्रपान पूर्ण थांबवलेल्या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचे आणि अपुऱ्या वाढीच्या बाळांचे प्रमाण कधीच धूम्रपान न केलेल्या स्त्रियांइतकेच आढळले. तुम्हाला अकरावा चालू आहे. पंधरावा उलटून गेलेल्या वाचकांनी याचा अर्थ आता उशीर झाला असा घेऊ नये. बाळाचे वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वाढते, आणि सिगारेट थांबली की कार्बन मोनॉक्साइड साधारण एका दिवसात रक्तातून निघून जातो.

राहिला प्रश्न सांगण्याचा. आपल्याकडे फाइल रुग्णासोबत घरी जाते आणि घरातले सगळे ती वाचतात, ही अडचण मला मान्य आहे. म्हणून वजन आणि रक्तदाब घेण्यासाठी तुम्हाला एकटीला आत नेतात तेव्हा बोला, किंवा चिठ्ठी लिहून द्या. मी अशा रुग्णांच्या फाइलवर कोपऱ्यात एक लहानशी खूण करते, तिचा अर्थ मला आणि माझ्या परिचारिकेलाच कळतो.

लालबागची_लेक | ४ जून, दुपारी १.५०

डॉक्टरांच्या प्रतिसादाला जोडून थोडे लांबचे, पण याच विषयातले लिहिते.

आमच्या चाळीत माझ्या लहानपणी दर पंधरवड्याला कोणाच्या तरी घरी तव्यावर तंबाखू भाजली जाई आणि त्या खाटाने सबंध मजला खोकत असे. ती भाजून, चुरून डबीत भरली की झाली मशेरी. माझी आई, दोन्ही मावश्या आणि शेजारच्या काकू, सगळ्या मशेरी लावत. पोटात मूल असतानाही लावत. तिला व्यसन असे कोणी म्हणत नसे, 'दात घासते' असे म्हणत. तीही सकाळ, दुपार, रात्र, आणि प्रत्येक वेळी अर्धा अर्धा तास. 'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे आईचे ठरलेले वाक्य होते, आणि पुढे कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या तोंडून सिगारेटविषयी तेच वाक्य ऐकले तेव्हा मला हसू आले.

हे सांगण्याचे कारण असे की याच मुंबईत प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला होता. त्यांत तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्या होत्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. मृत जन्मांचे प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के आणि इतरांमध्ये ३.१ टक्के होते, हे त्याच अभ्यासातून २००६ मध्ये पुढे आले. माझ्या धाकट्या मावशीची दोन मुले पोटातच गेली. त्याचे कारण मशेरीच होते असे मी म्हणू शकत नाही, पण तिला त्याबद्दल एकाही डॉक्टरने विचारले नव्हते, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

देशाच्या २०१६–१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के आढळल्या. म्हणजे सायंतारा स्वतःला वाटतात तेवढ्या एकट्या नाहीत. त्यांच्या प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या एखाद्या बाईच्या पर्समध्ये डबी असू शकते, आणि तिच्याही फॉर्मवर 'नाही' अशीच खूण झालेली असेल. "काही व्यसन?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "मशेरी लावता का, तंबाखू खाता का, सिगारेट-विडी ओढता का?" असे एकेक नाव घेऊन विचारले तर उत्तर मिळते.

गॅलरीतला | ४ जून, रात्री ११.१५

मी पुरुष आहे आणि माझी बाजू मांडतो. पत्नीने दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा पुन्हा ओढली ती माझ्या पाकिटातली. आमचे घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच आहे. मी 'बाहेर' जाऊन ओढतो असे म्हणत असे, पण ते बाहेर म्हणजे चार फुटांची गॅलरी, आणि वारा आत वळला की सगळा धूर पलंगापाशी. मुंबईतल्या किती घरांना खरोखरचे 'बाहेर' असते, याचा नवऱ्यांनी विचार करावा. तिसऱ्या वेळी मी आधी सोडली, आणि तिची त्यानंतर महिनाभरात सुटली. सायंतारा, तुमचा नवरा ओढत असेल, तर आधी त्याच्याशी बोला.

सायंतारा | ५ जून, रात्री १०.३०

सर्वांचे आभार. नवरा ओढत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याला सांगणे अवघड जाते.

रोखठोक, तुमचा प्रतिसाद मी ३ तारखेला सकाळी लोकलमध्ये वाचला. त्या दिवशी संध्याकाळी मी दोन ओढल्या. दोष तुम्हाला देत नाही, हात माझेच होते. परंतु तुम्ही जे लिहिले ते मी स्वतःला रोज ऐकवते, आणि ते ऐकून झाल्यावर जी पहिली इच्छा होते ती सिगारेटचीच असते.

रोखठोक | ६ जून, सकाळी ७.३०

माझे मत बदललेले नाही. तरीही शेवटचे वाक्य मी लिहायला नको होते, ते मागे घेतो. निकोटीनचा निचरा वेगाने होतो ही माहिती मला नव्हती.

हिशेबनीस | ६ जून, दुपारी ३.०५

एक वेगळा अनुभव परदेशातला. ग्लासगोमध्ये ६१२ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्या जणींना नेहमीच्या मदतीबरोबर, धूम्रपान थांबवल्याचे तपासणीत दिसले तर एकूण ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची कुपने देऊ केली होती. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : कुपनांच्या गटात २२.५ टक्के जणींची सुटली, दुसऱ्या गटात ८.६ टक्के. लाच म्हणून त्यावर टीकाही झाली. मला तो आकडा आवडला, कारण इतके करूनही चारांतल्या तिघींहून अधिक जणींची सुटली नाही. यावरून ही गोष्ट किती अवघड आहे ते कळते. आपल्याकडे कुपने कोणी देणार नाही, पण रोजच्या सिगारेटचे पैसे डब्यात टाकून आठवड्याला मोजायला हरकत नाही.

सायंतारा | १७ जून, रात्री ९.५०

काल तेराव्या आठवड्याची तपासणी झाली. वजनकाट्यावर उभी असताना मी परिचारिकेच्या हातात चिठ्ठी दिली. तिने ती वाचली, घडी केली आणि काही न बोलता आत नेऊन दिली. डॉक्टर रागावतील अशी मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी सासूबाईंना रक्ततपासणीचे पैसे भरण्याच्या निमित्ताने बाहेर पाठवले आणि मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने ओढत होतात?" पूर्वी अर्ध्या तासाने, असे मी सांगितले. त्यांनी लगेच गम लिहून दिला नाही. आधी दहा दिवस बिनऔषधाने प्रयत्न करायचा, जमले नाही तर बोलू, असे ठरले. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करण्यासही सांगितले. तो क्रमांक मी शेकडो वेळा पाहिला होता, लावला आज. समुपदेशकाने सल्ला देण्याआधी सोडण्याची तारीख विचारली. १९ जून असे सांगून मोकळी झाले.

त्यांच्याशी बोलताना एक साधी गोष्ट लक्षात आली की सव्वासहा वाजता मला सिगारेटपेक्षा कार्यालय आणि घर यांच्या मधली पाच मिनिटे हवी असतात. त्या वेळात मी कोणाची कर्मचारी नसते आणि कोणाची सूनही नसते. ती मिनिटे सोडायची नाहीत, फक्त टपरी सोडायची. म्हणून उद्यापासून करी रोडऐवजी परळ स्थानकापर्यंत चालत जाणार आहे. चालणे जरा अधिक आहे, पण तिथूनच सुटणारी गाडी धरली तर बसायला जागा मिळते. दादरच्या पुलावरची गर्दी टाळूनही वाट बदलता येते, हे मला इतके दिवस सुचले नव्हते.

नवऱ्याला रात्री सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला वास येत होता." ठाऊक असूनही तो विचारत नव्हता आणि मी सांगत नव्हते.

प्रसूतिकक्ष | १८ जून, सकाळी ८.००

पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. चिडचिड होईल, झोप मोडेल, भूक वाढेल. तलफेची एकेक लाट काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंड आणि हात गुंतवून ठेवा. बद्धकोष्ठ होईल, त्याची वर आलेल्या 'पोट साफ' या वाक्याशी सांगड आहे. गरोदरपणात तशीही तक्रार असते, तेव्हा पाणी आणि भाज्या वाढवा.

सायंतारा | १५ जुलै, रात्री ११.५५

लिहावे की नाही याचा विचार करत होते. काल मुसळधार पावसाने गाड्या बंद होत्या आणि आम्ही दहा-बारा जण रात्री साडेनऊपर्यंत कार्यालयात अडकलो होतो. सगळे खाली छज्ज्याखाली उभे राहिले, कोणीतरी पाकीट काढले, आणि माझ्या हातात सिगारेट आली. अर्धी ओढली. चव घाणेरडी लागली असे लिहायला आवडले असते, पण ती चांगली लागली. उरलेली पाण्यात टाकली आणि पायऱ्या चढून वर गेले. नवऱ्याला तिथूनच फोन करून सांगितले.

दुपारचा_चहा | १६ जुलै, सकाळी ९.००

अर्धी, आणि त्याच रात्री सांगितली. मी पुन्हा सुरू केली तेव्हा पहिले सहा आठवडे कोणालाही सांगितले नव्हते. आज परत परळला चालत जा.

सायंतारा | २८ जुलै, रात्री १०.२०

एकोणिसावा आठवडा. आज सविस्तर सोनोग्राफी झाली, वाढ तारखेप्रमाणे आहे. १९ जूनपासून ३९ दिवस झाले, त्यांतला १४ जुलैचा एक वजा. गमची गरज पडली नाही. सासूबाईंना अजून काही ठाऊक नाही आणि सध्या तरी सांगण्याचा विचार नाही. डोहाळजेवणाच्या तयारीत त्या इतक्या आनंदात आहेत. परवा पावसामुळे करी रोडवरून जावे लागले, तेव्हा टपरीवाल्याने विचारले, "मॅडम, दुकान बदललंत का?" हो म्हणाले, आणि कटिंग घेतला.

दुपारचा_चहा, तुम्हाला एक विचारायचे आहे. माहेरी किती महिने राहिला होतात, आणि परतल्यावर पहिली नेमकी कधी ओढलीत?

दुपारचा_चहा | २९ जुलै, सकाळी ८.४०

तीन महिने राहिले. परतल्यानंतर नवव्या दिवशी बाळाला ताप आला, ते रात्रभर रडत होते आणि नवरा पुण्याला गेला होता. पहाटे चारला मी खाली उतरले. रिक्षा स्टँडवर एक जण ओढत उभा होता, त्याच्याकडे मागितली. तुमच्या नवऱ्याला आतापासून सांगून ठेवा की परतल्यानंतरचे पहिले दोन आठवडे त्याने रात्री घरीच राहायचे आहे, आणि तशी रात्र आली तर मला फोन करा. क्रमांक निरोपात पाठवते.